छोट्या कॉलेजचा फुटबॉल कोच पगार कशाचा घेतो?

जून महिना, न्यू जर्सीतलं एक अवाढव्य क्रीडासंकुल, ओळीने दहा-बारा मैदानं आणि सगळ्यांवर एकाच वेळी सामने. माझा भाचा सात नंबरच्या मैदानावर लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळत होता. एका कडेला आम्ही पालक, म्हणजे आरडाओरडा सगळा तिकडे. समोरच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून वीसेक माणसं बसली होती. प्रत्येकाच्या टी-शर्टवर वेगळ्या कॉलेजचं चिन्ह, मांडीवर खेळाडूंच्या नावांचा आणि जर्सीच्या नंबरांचा कागद. गोल झाला तरी त्यांच्यातलं कोणी हलत नव्हतं. ताईने मला कोपराने ढोसलं, "हे परीक्षक आहेत का रे?"

एका अर्थी होतेच. ते कॉलेजांचे फुटबॉल कोच होते आणि पुढच्या वर्षीसाठी मुलं हेरायला आले होते. अशा स्पर्धेला इकडे शोकेस म्हणतात. दुकानाच्या काचेच्या कपाटासारखंच ते.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्यातल्या एकाचा फोन आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान खासगी कॉलेजचा हेड कोच. चाळीस मिनिटं बोलला, त्यात फुटबॉलवर जेमतेम दहा. बाकी वेळ गणितात किती मार्क, कोणता विषय घ्यायचाय, घरापासून किती लांब राहायची तयारी आहे, थंडी सोसते का. शेवटी ताईने फोन घेतला आणि कुठल्याही मराठी आईने विचारला असता तो प्रश्न विचारला : स्कॉलरशिप किती?

"फुटबॉलसाठी एक डॉलरही नाही," तो म्हणाला. "नियमाने देताच येत नाही."

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पैसे द्यायचे नाहीत, मग हा माणूस पोराच्या एवढा मागे का लागलाय? आणि याला पगार कशाचा देतात?"

गेलं वर्षभर या प्रश्नाचं उत्तर मी तुकड्या-तुकड्यांनी गोळा करतोय. ते सलग लिहून काढतो.

आधी मजले समजून घेऊ

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळायचा खेळ. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात. या लेखात मी फुटबॉल आपल्याच अर्थाने वापरतोय, त्यांच्या खेळाला अमेरिकन फुटबॉल म्हणेन.

कॉलेज खेळांचा मुख्य कारभार एनसीएए ही संस्था पाहते आणि तिचे तीन मजले आहेत. वरच्या मजल्यावर डिव्हिजन १ : मोठी विद्यापीठं, टीव्हीवरचे सामने, कोट्यवधी डॉलरची उलाढाल. तिथेही फुटबॉल हे गरीब भावंडच. कालपरवापर्यंत डिव्हिजन १ च्या एका पुरुष फुटबॉल संघाला मिळून ९.९ शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती. पावणेदहा नाही, दहा नाही, नऊ पूर्णांक नऊ दशांश. पंचवीस-तीस मुलांत त्या वाटायच्या, म्हणजे कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती शाबासकी. मधल्या मजल्यावर डिव्हिजन २, तिथे ही मर्यादा ९. खाली डिव्हिजन ३, तिथे शून्य.

खाली म्हटलं की आपल्याला 'ड' तुकडी आठवते. तसं नाही. कॉलेजांच्या संख्येने हा सगळ्यात मोठा मजला आहे. चारशेहून जास्त कॉलेजं आणि जवळपास दोन लाख खेळाडू इथे आहेत. एमआयटी, कॅलटेक, शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन ही आपल्याकडच्या पालकांना तोंडपाठ असलेली नावं खेळाच्या हिशेबात याच मजल्यावर राहतात. आणि त्यांच्याच शेजारी राहतात हजार-पंधराशे विद्यार्थ्यांची, एखाद्या गावाच्या टोकाला वसलेली, आपण कधी नावही न ऐकलेली शेकडो खासगी कॉलेजं. ज्या कोचविषयी मी लिहितोय तो बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारच्या कॉलेजात असतो.

पैसे न देता मुलगा आणायचा कसा

खेळासाठी पैसे देता येत नाहीत, पण मार्कांसाठी येतात आणि घरच्या परिस्थितीसाठीही येतात. खरी मेख इथे आहे. कॉलेजची जाहीर फी वर्षाला पन्नास-साठ हजार डॉलर असली, तरी खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरीने निम्म्याहून जास्त सवलत देतात. शोरूममधल्या साडीवर आधी मोठी किंमत लावायची आणि मग 'खास तुमच्यासाठी' उतरवायची, तसा प्रकार. ही सवलत किती, ते कॉलेजचं अ‍ॅडमिशन आणि आर्थिक मदत ऑफिस ठरवतं. मुलगा खेळतो म्हणून त्यात एक पैशाचाही फरक पडता कामा नये, असा नियम आहे.

मग कोचच्या हातात काय उरतं? त्याला हिशेब माहीत असतो. कोणत्या मार्कांवर साधारण किती सवलत बसते, कोणता अर्ज कधी भरायचा, उत्पन्नाची माहिती देणारा सरकारी फॉर्म आधीच भरून ठेवला तर पुढे कशी धावपळ वाचते, हे सगळं तो पालकांना समजावून सांगतो. आमच्या ताईला त्याने पंधरा मिनिटांत जे सांगितलं, ते तीन वेबसाइटी पालथ्या घालूनही आम्हाला कळलं नव्हतं. म्हणून ज्याचं भौतिकशास्त्र बरं आहे असा लेफ्ट बॅक त्याला सोन्यासारखा वाटतो. तेवढाच चांगला खेळणारा पण मार्कांत कच्चा मुलगा त्याच्या कॉलेजला महाग पडतो. खरं तर मुलाच्या घरालाच महाग पडतो आणि मग तो येत नाही.

नामांकित कॉलेजांत याच्या उलट चित्र. ईशान्य अमेरिकेत नेस्कॅक नावाची अकरा कॉलेजांची संघटना आहे. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, टफ्ट्स, मिडलबरी ही त्यातली काही. तिथे अर्जांचा पूर असतो. जागा भरण्याची चिंता नसते, मिळण्याची असते. तिथला कोच अकरावी संपलेल्या मुलाची गुणपत्रिका उन्हाळ्यात अ‍ॅडमिशन ऑफिसकडे पाठवतो आणि विचारतो, याचं जमेल का? याला प्री-रीड म्हणतात. ऑफिस हो, नाही किंवा कठीण आहे असं सांगतं. कोचच्या शब्दाला वजन असलेल्या जागा वर्षाला मोजक्याच, बोटांवर मोजता येतील इतक्या. त्यातली एक जागा गोलकीपरवर खर्च करायची की स्ट्रायकरवर, यावर या लोकांची झोप उडते. त्यांची झोप उडते ती वेगळ्या कारणाने, आणि आपल्या पेनसिल्व्हेनियाच्या कोचची वेगळ्या.

चाळीस मुलांचं गणित

आता ताईच्या प्रश्नाकडे येऊ. आकडे मी समजण्यापुरते धरतोय.

समजा, सगळी सवलत जाऊन एक मुलगा कॉलेजला वर्षाला २० हजार डॉलर देतो. कोचने दरवर्षी बारा-तेरा मुलं आणली, काही सोडून गेली, तरी चार वर्षांचे मिळून संघात ४० मुलं राहतात. म्हणजे वर्षाला ८ लाख डॉलर. कोचचा पगार, असिस्टंटचं मानधन, बसभाडं, जर्सी, रेफरी असा सगळा खर्च धरला तरी तो याच्या तुलनेत किरकोळ. त्यातली काही मुलं फुटबॉल नसता तरी याच कॉलेजात आली असती, ती वजा करा. उरलेली निम्मी धरली तरी संघ कॉलेजला पोसतो, कॉलेज संघाला नाही.

मोठ्या विद्यापीठात तिकिटं आणि टीव्हीचे हक्क विकून खेळ पैसा कमावतो. छोट्या कॉलेजात तिकीटच नसतं, गवतावर बसून फुकट सामना बघता येतो. इथे खेळाडूच गिऱ्हाईक आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा कडवट वाटलं, मग लक्षात आलं की यात फसवणूक काही नाही. मुलाला चार वर्षं खेळायला मिळतं, पदवी मिळते, मित्र मिळतात. कॉलेजला वर्ग भरलेले मिळतात. पण या व्यवहारात कोचची खरी नोकरी कोणती, हे एकदा समजलं की त्याचं वागणं उलगडायला लागतं. त्याला वर्षाच्या सुरुवातीला आकडा दिलेला असतो, यंदा इतके नवे विद्यार्थी. कितवा नंबर आला हे नंतर विचारतात.

मैदानावर अकराच जण उतरतात, मग चाळीस मुलांचं करायचं काय? कॉलेज फुटबॉलचे नियम इथे थोडी मदत करतात. जागतिक फुटबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू परत येत नाही. कॉलेजमध्ये तो दुसऱ्या हाफमध्ये परत येऊ शकतो आणि बदलीही सढळ हाताने करता येतात. त्यामुळे वीसेक मुलांना घाम येतो. उरलेल्या वीस जणांसाठी काही कॉलेजं दुय्यम संघ चालवतात. तरीही दर शनिवारी दहा-पंधरा मुलं पूर्ण कपडे घालून, शूज बांधून, नव्वद मिनिटं बाकावर बसतात, आणि त्यांचे आईबाप तीन तास गाडी चालवून ते बाकावर बसणं बघायला आलेले असतात. माझ्या मते कोचचं सगळ्यात अवघड काम इथे आहे. खेळणाऱ्या मुलाला सांभाळायला डावपेच पुरतात. न खेळणारा मुलगा जानेवारीत कॉलेज बदलून गेला, तर ताळेबंदात एक विद्यार्थी कमी होतो. म्हणून कोच त्याच्याशीही बसून बोलतो, त्याच्या वसतिगृहाच्या भानगडी सोडवतो, त्याच्या नापास झालेल्या पेपरची चौकशी करतो. काही कोच हे मनापासून करतात, काही आकड्यासाठी. मुलांना फरक कळतो.

यात पुरुष संघाचं एक वेगळं महत्त्व आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत आता मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच जास्त आहे. मुलगे मिळवणं हीच अनेक छोट्या कॉलेजांची डोकेदुखी झाली आहे. अमेरिकन फुटबॉलचा एक संघ काढला की शंभर मुलगे येतात, पण त्याचा खर्चही तसाच दांडगा. आपल्या फुटबॉलला दोन गोल, एक पिशवीभर चेंडू आणि कापलेलं गवत पुरतं. मात्र १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींनाही खेळाची समान संधी द्यावी लागते. त्यामुळे मुलांचा संघ काढताना कॉलेजला मुलींच्या संघांचाही हिशेब जुळवावा लागतो.

आणि डोक्यावर टांगती तलवार आहे जन्मदराची. अमेरिकेत २००७ साली सुमारे ४३ लाख बाळं जन्मली. तो उच्चांक होता. मग मंदी आली आणि आकडा घसरत गेला, तो परत तिथे पोचलाच नाही. २००७ मध्ये १८ मिळवा : २०२५. म्हणजे कॉलेजच्या दारात येणारी मुलं आता दरवर्षी कमी होत जाणार. काही कॉलेजांनी आधीच मान टाकली. मिशिगनमधलं फिनलंडिया विद्यापीठ २०२३ मध्ये बंद झालं, पेनसिल्व्हेनियातलं कॅब्रिनी २०२४ मध्ये. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजचं तर विलक्षणच. ते ३१ मे २०२४ ला कायमचं बंद झालं आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ ओहायोत डिव्हिजन ३ च्या राष्ट्रीय अंतिम फेरीच्या स्पर्धेत खेळत होता. कॉलेज संपलं होतं, संघ अजून मैदानात होता. तेव्हा आमच्या कोचच्या आवाजात जी थोडी घाई होती, तिचं कारण जन्मनोंदणीच्या रजिस्टरात सापडतं.

ऑक्टोबरमधला एक बुधवार

मोसम ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बहुतेकांचा संपतोही. अडीच महिन्यांत सतरा-अठरा सामने, बहुधा बुधवारी आणि शनिवारी. युरोपातले क्लब जे नऊ महिन्यांत पसरून खेळतात ते इथे भाद्रपद-आश्विनात उरकायचं. पूर्वी बरोबरी झाली की जादा वेळ असायचा आणि पहिला गोल झाला की सामना संपायचा. २०२२ पासून साखळी सामन्यांत जादा वेळ काढून टाकला. मुलांच्या पायांना तेवढाच आराम.

या कोचने मला एकदा त्याच्या बुधवारचा पाढा वाचून दाखवला. सकाळी आठला ऑफिसात. आधी मेल : अकरावी-बारावीच्या मुलांनी आपल्या खेळाच्या चित्रफिती पाठवलेल्या असतात. त्यातल्या बहुतेक पहिल्या वीस सेकंदांत बंद होतात. कारण मुलं फक्त गोल दाखवतात आणि त्याला बघायचं असतं ते चेंडू गेल्यावर मुलगा काय करतो. दहाला अ‍ॅडमिशनवाल्यांबरोबर बैठक, एक्सेलवरची यादी : कोणाचा अर्ज आला, कोणाचा अर्धवट आहे, कोणाच्या आईला फोन करायचाय. अकराला तो बॅडमिंटनचा क्लास घेतो. हो, बॅडमिंटन. छोट्या कॉलेजात हेड कोचच्या गळ्यात आणखी एखादं काम असतंच. कोणी शारीरिक शिक्षणाचे तास घेतो, कोणी व्यायामशाळा बघतो, कोणी नियमपालनाची कागदपत्रं. आपल्याकडच्या कॉलेजातले जिमखान्याचे सर आठवा, म्हणजे अंदाज येईल.

दोनला बस. दोन तासांचा प्रवास, त्यात तो प्रतिस्पर्ध्यांचे कॉर्नर कसे घेतले जातात ते परत बघतो. सातला दिव्यांच्या उजेडात सामना. हरले, १-२. साडेनऊला बसमध्ये थंड सँडविच. अकरा वाजता कॉलेजात परत, आणि मग तो धुलाईच्या खोलीत. प्रत्येक मुलाचे मोजे, चड्डी, बनियन एका नंबर घातलेल्या पट्ट्यात ओवलेले असतात. तो सगळा जुडगा तसाच मशिनमध्ये टाकायचा, म्हणजे सतरा नंबरचा मोजा चारकडे जात नाही. हे काम करायला माणूस आहे, पण तो पाचला घरी जातो. "मशीन फिरत असतं तेव्हा मी मेलना उत्तरं देतो," तो म्हणाला. रात्री साडेअकराला आमच्या भाच्याला आलेला एक मेल मला आठवला. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, काय उत्साही माणूस आहे!

हिवाळ्यात सराव बंद. वसंतात नियमाने मोजकेच दिवस सराव करता येतो, कारण डिव्हिजन ३ चा आग्रह असा की मुलाने बाकीच्या वेळात अभ्यास करावा, नाटकात काम करावं, परदेशी एखादं सत्र शिकून यावं. पण कोचला सुट्टी नाही. जानेवारीत युनायटेड सॉकर कोचेस या संघटनेचं अधिवेशन. १९४१ साली स्थापन झालेली ही संस्था २०१७ पर्यंत एनएससीएए नावाने ओळखली जायची. व्याख्यानं असतात, पण हॉटेलच्या लॉबीत खरी वर्दळ नोकऱ्या शोधणाऱ्या असिस्टंटांची. उन्हाळ्यात शोकेस, आणि कॉलेजच्या मैदानावर शाळकरी मुलांची शिबिरं. शिबिराचे पैसे हा अनेकांच्या घरखर्चाचा आधार.

शिडी

या नोकरीपर्यंत पोचतात कसे? बहुतेक जण स्वतः कॉलेजात खेळलेले असतात. पदवीनंतर एखाद्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट. म्हणजे एम.ए. किंवा एम.एस. ची फी माफ, वर थोडं विद्यावेतन आणि बदल्यात शंकू मांडण्यापासून बस चालवण्यापर्यंत सगळं. मग असिस्टंट कोच. छोट्या कॉलेजात ही जागा अनेकदा अर्धवेळ, काही हजार डॉलरची. पोट भरायला संध्याकाळी लहान मुलांच्या क्लबात शिकवायचं. जोडीला अमेरिकेच्या सॉकर महासंघाची लायसन्सं, डी, सी, बी, ए अशी चढत्या क्रमाने. कॉलेजच्या नोकरीला ती सक्तीची नाहीत, पण अर्जात उठून दिसतात. तिशी गाठेपर्यंत ज्याचा धीर सुटला नाही तो कुठेतरी हेड कोच होतो. आपल्याकडे स्पर्धा परीक्षा देणारी मुलं पुण्याच्या पेठांत वर्षं काढतात, तसंच काहीसं हे. फरक एवढाच की इथे वय मोजत बसतं ते जोडप्यातलं दुसरं माणूस, कारण दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधून नव्या राज्यात जायचं असतं.

पगार? सगळ्या प्रकारच्या कोचांचा अमेरिकेतला मध्यम पगार सरकारी आकडेवारीनुसार वर्षाला सुमारे ४६ हजार डॉलर आहे. रुपयांत गुणून खूश होऊ नका. घरभाडं आणि आरोग्य विमा डॉलरांतच जातो. छोट्या कॉलेजचा करार सहसा एकेका वर्षाचा.

या शिडीची गंमत अशी की वर चढणं हेच सगळ्यांचं ध्येय नसतं. तीन-चार खरी माणसं बघू.

डेव्ह ब्रँट १९९७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मेसाया या ख्रिस्ती कॉलेजचा हेड कोच झाला आणि २००८ पर्यंत त्याने सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मग नौदल अकादमीने त्याला बोलावलं, म्हणजे थेट डिव्हिजन १. पुढे पिट्सबर्गच्या रिव्हरहाउंड्स या व्यावसायिक संघाचा तो कोच झाला. आणि त्यानंतर? २०१८ मध्ये मिशिगनमधल्या होप कॉलेजात, परत डिव्हिजन ३. आपण याला घसरण म्हणू. मला नाही वाटत तो म्हणत असेल. दरम्यान मेसायात त्याच्या जागी आलेल्या ब्रॅड मॅकार्टीने आणखी पाच विजेतेपदं मिळवली. २००० ते २०१७ या काळात एकाच कॉलेजची अकरा. स्कॉलरशिप शून्य असताना हे घडतं याचा अर्थ, चांगला खेळायला बघणारी मुलं आपल्या खर्चाने तिथे जात राहिली.

जॉश शापिरोने सरळ चढण घेतली. टफ्ट्समध्ये २०१४, २०१६, २०१८ आणि २०१९ अशी चार विजेतेपदं, मग हार्वर्ड.

जे मार्टिन मात्र हललाच नाही. ओहायो वेस्लेयनमध्ये १९७७ मध्ये आला आणि चार दशकांहून जास्त काळ तिथेच राहिला. १९९८ आणि २०११ अशी दोन विजेतेपदं, सातशेहून जास्त विजय. एनसीएएच्या पुरुष फुटबॉलमध्ये कुठल्याही मजल्यावर एवढे विजय कोणाच्याच नावावर नव्हते. मधल्या काळात त्याने लॅक्रॉसचा, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू खेळायच्या खेळाचा, संघ घेतला, क्रीडा विभागाचं संचालकपद सांभाळलं, वर्गात शिकवलंही. त्याच्या शेवटच्या काळात काही खेळाडू पहिल्या खेळाडूंची मुलं असण्याच्या वयाचे होते.

आणि ज्युलियन सिच. ती व्यावसायिक महिला फुटबॉलमध्ये खेळली, शिकागो रेड स्टार्सची असिस्टंट होती. २०२२ च्या वसंतात शिकागो विद्यापीठाने तिला पुरुष संघाची हेड कोच केलं. पहिल्याच मोसमात २२ विजय, एक बरोबरी, पराभव एकही नाही. डिसेंबरात व्हर्जिनियातल्या सेलमला अंतिम सामन्यात विल्यम्सवर २-०. पुरुषांच्या फुटबॉल संघाला एनसीएए विजेतेपद मिळवून देणारी ती पहिली स्त्री. ही गोष्ट वरच्या मजल्यावर आधी घडली नाही, खालच्या मजल्यावर घडली, याचं मला आश्चर्य वाटत नाही. जिथे टीव्ही आणि देणगीदारांचा जाच कमी, तिथे कोणाला नेमायचं याचा विचार मोकळेपणाने होतो. हा माझा अंदाज.

ही झाली वर्तमानपत्रात येणारी नावं. चारशे संघांपैकी डिसेंबरात एकच जिंकतो. अ‍ॅमहर्स्ट २०१५ मध्ये जिंकलं, पण नंतर २०१९, २०२१ आणि २०२३ असे तीन अंतिम सामने हरलं. आणि ती हरणारी माणसंही या धंद्यातली सर्वांत यशस्वी धरली जातात. बाकीच्यांची कारकीर्द अर्धे सामने जिंकण्यात, अर्धे हरण्यात, आणि लग्नाची निमंत्रणं येण्यात जाते. आमच्या कोचने एका उन्हाळ्यात जुन्या खेळाडूंच्या लग्नांना पाच वेळा सूट घातला.

नोकरी जाते तेव्हा कारण बहुधा गुणतक्त्यात नसतं. संघातली मुलं घटली, नव्या मुलांना छळल्याची तक्रार आली, किंवा नवा क्रीडा संचालक आला आणि त्याला आपला माणूस हवा होता. कधी कधी कॉलेजच बंद होतं. स्वतःहून सोडणाऱ्यांचं कारण त्याहून साधं असतं : मुलगी पाच वर्षांची झाली आणि तिचा एकही शनिवार त्याने पाहिलेला नसतो.

ताईला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच मुद्दा काढला. "म्हणजे तो आमच्याशी गोड बोलत होता ते आकड्यासाठी?" मी म्हटलं, आकड्यासाठी असेलही, पण संघात लेफ्ट बॅक किती आहेत आणि तुझ्या पोराला पहिल्या वर्षी किती खेळायला मिळेल, हे विचारलंस तर खरं सांगतो का बघ. तिने विचारलं. तो म्हणाला, दोन आहेत, दोघं चांगले आहेत, पहिल्या वर्षी बहुतेक बाकावर. त्या उत्तरानंतर ताईचं त्याच्याविषयीचं मत सुधारलं आणि भाच्याचा उत्साह मावळला.

ऑक्टोबरच्या अखेरीस भाच्याने दुसरं कॉलेज नक्की केलं, इंजिनिअरिंगसाठी. नाही म्हणायचा फोन त्याने स्वतः करावा असं मी बजावलं होतं. तो घाबरत घाबरत स्पीकरवर बोलला. पलीकडे बसच्या इंजिनाची घरघर आणि पोरांचा गलका ऐकू येत होता. कोचने ऐकून घेतलं, अभिनंदन केलं, कॉलेज चांगलं आहे म्हणाला, तिथल्या कोचला माझा नमस्कार सांग म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "तुझ्या क्लबात राइट बॅक खेळतो तो मुलगा, नऊ नंबरचा. त्याला गणितात किती मार्क आहेत रे?"